वैशाखातली लोकर

लोकरीची मला शिसारी आहे. लोकरीनं या बाईचं काय घोडं मारलंय, असं कुणी म्हणेल. तर धुळ्यात, ऐन मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, प्लास्टर घातलेला पाय उशीवर टाकून आठ दिवस पडून बघा. आणि शेजारी एक बाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत स्वेटर विणत बसलेली असू द्या. पंखा लावला तर लोकरीचे तंतू उडून तोंडात जातात, नाही लावला तर जीव जातो. पाण्यात तंतू, वरणात तंतू, घामेजल्या गळ्याला चिकटलेले तंतू. शी! आजही दुकानात लोकरीची लच्छी दिसली की माझा घसा खवखवतो.

ती बाई म्हणजे प्रमिला. अभिमन पाटलाची बहीण. देवपुरात त्यांची आणि माझी भिंत एकच. अभिमन एस.टी. डेपोत कामाला, त्याची बायको मंजुळा, मुलगी रत्नप्रभा, आणि ही प्रमिला, तेव्हा बेचाळीस वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी तिला पहूरला दिली होती. नवऱ्यानं आधीच दुसरी बाई ठेवलेली आहे हे लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, आणि चौथ्या महिन्यात ही ट्रंक घेऊन भावाकडे परत आली. तेव्हापासून स्वयंपाक तिचा, धुणं तिचं, पापड-कुरडया तिच्या. घरात तिला कुणी छळत नव्हतं हो, उगाच कशाला खोटं बोलू? पण पाहुणे आले की मंजुळा सगळ्यांची ओळख करून द्यायची, आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नणंदेची तेवढी राहून जायची. दर वेळी राहून जायची.

विणकाम मात्र तिनं करावं. एस.टी.त पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंगात नवा नमुना दिसला की ही धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत त्याचे टाके मोजत बसायची, आणि घरी येऊन तो जसाच्या तसा सुईवर उतरवायची. गल्लीत एकही बाळ असं नव्हतं की ज्याच्या डोक्यावर प्रमिलाची कानटोपी नाही. लोक ‘छान आहे हो’ म्हणायचे आणि टोपी घेऊन जायचे.

आणि मी भिकुबाई. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. कॉल लागला नाही म्हणून अख्ख्या जिल्ह्याच्या शिव्या दिवसभर ऐकून घ्यायच्या, म्हणून घरी आल्यावर मी कुणाचं काही ऐकून घेत नसे. माझं तोंड खराब आहे असं सगळं देवपूर म्हणतं. खोटं नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माझं तोंड धरणारं कुणी नव्हतंच. अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात ऑफिसच्या जिन्यावरून पडले, घोट्याचं हाड मोडलं, आणि घरी बसले. त्याच महिन्यात शेजारी रत्नप्रभाचं लग्न निघालं.

या लग्नात एक खोटं आधीच शिरलेलं होतं. फेब्रुवारीत पाचोऱ्याची मंडळी मुलगी बघायला आली, तेव्हा नवऱ्यामुलाची आई ताईबाई टेबलावरच्या विणलेल्या रुमालावरून हात फिरवत म्हणाली, “हे कुणी केलं?” रुमाल प्रमिलाचा. मंजुळा पटकन म्हणाली, “आमच्या रत्नीनं!” रत्नीला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. पण मुलगी दाखवताना सगळे असंच करतात. भावजयीनं केलेले लाडू मुलीचे, मावशीनं काढलेली रांगोळी मुलीची. कुणी खोलात जात नाही.

ताईबाई मात्र खोलात जाणारी निघाली. पाचोऱ्यातल्या एका महिला मंडळाची ती अध्यक्ष, स्वतः विणकामातली दर्दी. म्हणाली, “जूनपासून आमच्या मंडळाचा विणकामाचा वर्ग काढतोय, पण शिकवायला धड बाई मिळत नाही. पगार देऊ, मंडळामागची खोली राहायला देऊ, पण हात असा पाहिजे.” प्रमिला तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अक्का, तिथं राहायला खोली आहे.” पगार वगैरे नंतर बोलली. आधी खोली. तेवीस वर्षं ती बाई भावाच्या मधल्या घरात, जाण्यायेण्याच्या वाटेवर अंथरूण टाकून झोपत होती. कुणी पाणी प्यायला उठलं की हिच्या पायावरून ओलांडून जाणार.

मी म्हटलं, “मग विचार की ताईबाईंना.”

“आत्ता नको. लग्नाआधी मागितलं तर रत्नाच्या सासरी वाईट दिसेल. लग्न होऊ द्या.”

“आणि मग विचारशील? तू? तुझं तोंड उघडेपर्यंत त्या बाईला नातवंडं होतील. लग्नात मीच गाठते तिला आणि सांगते. तू नुसती शेजारी उभी राहा.”

ती इतकी हसली! दोन्ही हातांनी तोंड झाकून. तीन महिने ती ते मनात धरून होती. बोलायची नाही, पण मधूनच विचारायची, “पाचोऱ्याला पाणी रोज येतं का हो अक्का?” मला काय ठाऊक? मी म्हणायचे, येतं.

लग्न रविवारचं होतं. आठ दिवस आधी, शनिवारी, पाचोऱ्याहून निरोप आला. ताईबाईंनी कळवलं होतं, रुखवतात स्टीलची भांडी आणि प्लॅस्टिकची फुलं नकोत. मुलीच्या हातचं विणकाम मांडा, आमच्या मंडळाच्या बाया मुद्दाम बघायला येणार आहेत.

मंजुळाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रमिलाच्या ट्रंकेत एक शाल आणि चार रुमाल निघाले, तेवढ्यावर भागणार कसं? नवरदेवाला स्वेटर पाहिजे, सासऱ्याला बिनबाह्यांचा पाहिजे, नणंदेला मफलर पाहिजे. आणि हा कळस ऐका, होणाऱ्या बाळाला टोपी-मोजे! अजून मुलीला हळद लागलेली नाही आणि बाळाचे मोजे टेबलावर. आग्रा रोडवरच्या दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं भरलेला लोकरीचा खोका काढून दिला. मे महिन्यात लोकर मागणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

घरात लग्नाचे पाहुणे यायला लागलेले. आत्या विणतेय आणि नाव मुलीचं लागणार, हे कुणाला दिसता कामा नये. म्हणून मंजुळा माझ्याकडे आली.

“अक्का, आठ दिवस तुमच्याकडे बसू द्या ना प्रमिलाताईंना. कुणी विचारलं तर सांगा, तुमचं दुखणं बघायला येतात.”

“म्हणजे चोरी तुझी आणि बदनाम माझा पाय?” मी म्हटलं. पण हो म्हटलं. एकटी पडून पडून मला कंटाळा आला होता.

तर अशी ती दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी आली, पिशवीत लोकर, काखेत सुया, हातात पावडरचा डबा. पावडर कशाला? तर घामेजलेल्या हाताचे डाग पांढऱ्या लोकरीवर पडतात म्हणून. दर दहा मिनिटांनी ती तळहाताला पावडर चोळायची, घाम आणि पावडर मिळून बोटांच्या बेचक्यात लगदा व्हायचा, तो पदराला पुसायची आणि पुन्हा सुरू. मांडीवर लोकरीचा ढीग. मानेवर घामोळं. मी म्हणायचे, “अगं, थोडी उठ, पाणी मार तोंडावर.” ती म्हणायची, “एवढी ओळ होऊ द्या.” ती ओळ कधी होतच नसे.

माझी अवस्था तरी कुठे बरी होती! प्लास्टरच्या आत अशी खाज सुटायची की रडू यावं. शेवटी मी तिची एक सुई मागून घेतली, लांब दहा नंबरची, आणि प्लास्टरमध्ये खुपसून खाजवलं. स्वर्ग! बाहेर काढली तेव्हा सुईला जे काही लागलं होतं ते मी सांगत नाही. प्रमिलानं निमूटपणे ती साबणानं धुतली आणि तिच्यावरच बाळाच्या टोपीचे टाके घातले.

दुपारी रत्नप्रभा यायची. आत्याच्या हाताखाली दोन ओळी शिकून घे, निदान सुया धरता येऊ देत, असं तिला आईनं सांगितलेलं. ती यायची, थंड फरशीवर आडवी पडायची, कैरीला तिखट-मीठ लावून खायची आणि त्याच बोटांनी लोकरीला हात लावायची. पोरगी वाईट नव्हती. लाजायची बिचारी. एकदा म्हणालीसुद्धा, “आत्या, माझं नाव लावताय ते मला आवडत नाही.” प्रमिला म्हणाली, “असू दे गं, तुझं आणि माझं काय वेगळं आहे?” मला असली तिडीक गेली! वेगळं नाही म्हणे. मग मधल्या घरात कोण झोपतं?

आणि या सगळ्यावर कादंबऱ्या. मला वेळ जायला काही तरी पाहिजे होतं आणि प्रमिलाला कादंबऱ्यांचं भयंकर वेड. शाळा चौथीपर्यंत, वाचन अक्षराला अक्षर लावून, आणि आता तर हातही मोकळे नाहीत. मग वाचणार कोण? मी. वाचनालयाचा म्हातारा जीवराम सायकलवरून पुस्तकं घरपोच आणून द्यायचा. त्याच्या पिशवीत हात घालायचीच मला किळस येई. खाकी कव्हरावर तेलाची बोटं, पानांत कुणाचा केस, कुणाचा हळदीचा अंगठा, आणि एकात तर चिरडलेला ढेकूण, नायक-नायिकेच्या पहिल्या भेटीच्या पानावर. समासात बायांनी पेन्सिलीनं शेरे मारलेले. ‘अगदी खरं!’ ‘हाय रे दैवा!’ एकीनं नायकाच्या नावापुढे ‘मेल्या’ लिहिलं होतं. ती एकटीच मला शहाणी वाटली.

आठ दिवसांत आम्ही चार कादंबऱ्या संपवल्या आणि पाचवी अर्ध्यावर आणली. पहिलीतल्या बाईचं एका डॉक्टरवर प्रेम, धाकट्या बहिणीचंही त्याच्यावरच. मग हिनं काय करावं? बहिणीचं लग्न लावून दिलं आणि मंगलाष्टकं चालू असताना खांबाआड उभी राहून डोळ्यांनी बोलली. दुसरीतल्या बाईनं दिराच्या चोरीचा आळ स्वतःवर घेतला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. तिसरीनं आंधळ्या नवऱ्याला आपले डोळे दिले. त्याला दिसायला लागल्यावर तो हिच्याकडे बघेना! आणि हिला डोळे नसतानासुद्धा लेखक लिहितो की मरताना ती डोळ्यांनी बोलली. मी पुस्तक भिरकावलं.

“एकीला तरी जीभ आहे का गं यांच्यात?” मी म्हटलं. “सगळ्या बघतात! आमच्या एक्स्चेंजात यांना दोन दिवस बसवली पाहिजे. तिथं डोळ्यांना कोण विचारतो? जे काय असेल ते तोंडानं बोला आणि फोन ठेवा.”

प्रमिला मात्र मुसमुसत होती. माझ्याशी ती शहरातली मराठी बोलायची, पण जीव भरून आला की सरळ अहिराणीवर यायची. “मरी गयी व बिचारी,” म्हणाली आणि अश्रू पडू नयेत म्हणून सासऱ्याचा स्वेटर बाजूला धरला.

“मरी गयी तर गयी. पीडा टळली. तूपण तसलीच आहेस. तुझी शाल, तुझे रुमाल, तुझे डोळे, सगळं दुसऱ्याच्या नावावर. उद्या तुझ्या सरणावरसुद्धा कुणी तरी रत्नीचं नाव लावेल.”

ती रागावली नाही. म्हणाली, “म्हणून तर तुम्ही सांगणार आहात ना अक्का, रविवारी.”

“सांगणार म्हणजे? छातीठोक सांगणार.”

“मग वाचा पुढचं.”

मी पुस्तक फरशीवरून उचललं आणि पुढचं वाचलं. शिव्या घालत घालत वाचायचे मी. पण सकाळी दहाच्या सुमाराला दारात तिची चाहूल लागली नाही तर माझं लक्ष दाराकडेच असायचं, हेही सांगून टाकते.

शनिवारी संध्याकाळी शेवटच्या मोज्याची गाठ मारून झाली. प्रमिलाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट सुजून टम्म झालेलं, डोळे लाल. मंजुळानं सगळ्या वस्तू नेल्या आणि प्रत्येकीवर चमकी लावलेली पुठ्ठ्याची पाटी टाचली: ‘चि. सौ. कां. रत्नप्रभाच्या हातची कला’. पाट्या रंगवायलासुद्धा कुणा पेंटरला दिल्या होत्या.

रविवारी लग्न लागलं. मी काठी टेकत, लंगडत कार्यालयात गेले. अक्षता पडून तासभर झाला होता, पंगती उठत होत्या, तेव्हा ताईबाई आपल्या मंडळाच्या चार बाया घेऊन रुखवताच्या टेबलाशी आल्या. मी तिथंच खुर्चीवर बसले होते. मंजुळा शेजारी, रत्नप्रभा शालूत घामाघूम, आणि टेबलाच्या पलीकडे पानसुपारीचं तबक घेऊन प्रमिला.

ताईबाईंनी पाट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. नवरदेवाचा स्वेटर उचलला आणि उलटा केला. जाणकार बाई आतली बाजू आधी बघते. आत एक गाठ लोंबत नव्हती की एक टाका सैल नव्हता. “बघा,” त्या बायांना म्हणाल्या, “असा हात मी वर्गासाठी शोधत होते.” मग त्यांनी रत्नप्रभाचे हात हातात घेतले. मेंदीचे मऊ मऊ हात. उलटसुलट करून बघितले. बाईच्या कपाळाला आठी पडली. इकडे तिकडे बघितलं आणि नेमकी माझ्याकडे वळली.

“तुम्ही शेजारच्या ना? टेलिफोनातल्या?” आणि खाली वाकून, घरातल्या माणसाला विचारावं तसं हळूच म्हणाली, “खरं सांगा बाई, हाई बठ्ठं पोरनीच करेल शे ना? तिनं केलं नसलं तरी माझं काही जात नाही. सून काय मी स्वेटरांसाठी आणली नाही. पण ज्या हातांनी हे केलंय ते मला पाहिजेत.”

याहून सोपं देवानं तरी काय करून द्यायचं? लग्न लागलेलं. मोडायची भीती नाही. मंजुळाचं नाक कापलं गेलं असतं, ते जाऊ दे की! समोर प्रमिला उभी. एक वाक्य. ‘ही बघा, हिनं केलंय.’ आठ दिवस मी ते वाक्य तोंडात घोळवत होते.

मी प्रमिलाकडे बघितलं. ती माझ्याचकडे बघत होती. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले, तबक छातीशी धरलेलं. आणि मी मनाशी म्हटलं, नको म्हणतेय ती. भाचीची लाज राख म्हणतेय. आणखी काय म्हणणार? असं बघतात तेव्हा बाया दुसरं काय म्हणत असतात?

“हो,” मी म्हणाले. “तिनंच केलंय. माझ्या घरात बसून, माझ्या डोळ्यांदेखत.”

“मग झालं तर!” ताईबाई सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बाई घरातच आणि मी गावभर शोधत होते! जूनपासून मंडळाचा वर्ग आमच्या सूनबाई घेणार!” बायांनी टाळ्या वाजवल्या. रत्नप्रभाचं तोंड पांढरं पडलं. मंजुळा हसत होती, पण तिचा हात पदराशी चाळा करत होता. प्रमिलानं तबक पुढे केलं आणि ताईबाईंना पान दिलं.

पुढचं सगळं गल्लीला माहीत आहे, फक्त गल्ली ते असं सांगत नाही. रत्नप्रभानं वर्ग घेतला. पंधरा दिवसांनी एकदा पाचोऱ्याच्या एस.टी.तून पिशवी यायची, अभिमनच्या ओळखीचा कंडक्टर आणून द्यायचा. पिशवीत लोकर आणि चिठ्ठी: आत्या, पुढच्या आठवड्यात जाळीचा नमुना शिकवायचा आहे. प्रमिला नमुना विणायची, मुद्दाम अर्धा सोडायची, सुई त्यातच ठेवायची, म्हणजे रत्नीला वर्गात ‘आता इथून असं’ म्हणता यावं. प्रत्येक टाका कसा घालायचा ते मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहून पाठवायची. चौथी शिकलेली बाई! कादंबरी वाचता येत नव्हती तिला, पण टाके लिहिता येत होते. तीन वर्षं हे चाललं. तोवर रत्नप्रभा खरंच शिकली. चांगली शिकली. ब्याण्णव साली तिचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, पेपरात फोटो आला. प्रमिलानं तो कापून आणला आणि मला दाखवला, “बघा ना अक्का, कशी छान दिसते!” मी चष्मा नाही म्हणून सांगितलं. चष्मा नाकावरच होता.

आज प्रमिला पन्नाशीला आली. अजून त्याच मधल्या घरात झोपते. मंजुळा चार लोकांत मला म्हणते, आमच्या प्रमिलाताई म्हणजे मोठं मन. मी तिच्या तोंडावर बोलते, मन मोठं नाही बाई, घर लहान आहे तुझं. लोक म्हणतात, भिकुबाईला कुणाचं चांगलं बघवत नाही. म्हणोत.

एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळत होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी प्रमिला आली. हातात सुया नाहीत, पिशवी नाही. तिला तशी रिकाम्या हातांची मी पहिल्यांदाच बघत होते. ती येऊन भिंतीशी बसली आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले मी! “मुकी झाली होतीस का? ताईबाई स्वतः विचारत होती, एक शब्द बोलायला काय झालं होतं? खांबाआड उभ्या राहणाऱ्या त्या बावळट बायांचं ऐकून ऐकून तशीच झालीस! मला बघून डोळ्यांत पाणी कसलं आणतेस? तुझ्यासाठी मी तिथं खोटं बोलले, समजलं? तुझ्यासाठी!”

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी तुमच्याकडे बघितलं अक्का.”

“बघितलंस ना! सांगू नका म्हणूनच बघितलंस.”

“नही व माय,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा. “माले वाटनं, तुम्ही सांगशात.”

मनात आलं, म्हणावं, मी चुकले, नजर ओळखता आली नाही. पण तेही खोटंच झालं असतं. कार्यालयात त्या एका क्षणी मी नुसती तिची नजर नव्हते बघत. मला माझी खोली दिसत होती. दुपार, पत्रा तापलेला, मी कॉटवर, आणि भिंतीशी कुणी बसलेलं नाही. ताईबाईंना ‘हो’ म्हणाले आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं बरं वाटलं मला, की वर मी जिलबी मागून घेतली.

हे मी तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. त्या सोमवारी तिनं कोपऱ्यातला तांब्या उचलून माझ्या हाताशी आणून ठेवला आणि म्हणाली, “पाचवी अर्धी राहिली ना? वाचा.”

आणि मी वाचलं. तेव्हापासून रोज दुपारी वाचते.